समाजाची नात

लेकीचा मेडिकलला नंबर लागला आणि मंजुश्रीचे वडील एकोणीस वर्षांनी उदगीरहून तिच्या दारात आले, सोबत पत्रकार घेऊन. तिनं परजातीत लग्न केलं तेव्हा त्यांनी तिच्या नावानं अंघोळ केली होती. "अप्पा, आत या की." "येतो. पण बातमीत 'आपल्या समाजाची नात' असं छापायचं. कबूल?" पत्रकारच चाचरला. "मालक, लेकरू बापाच्या समाजाचं असतंय ना?" "डोकं तर आमच्याकडनंच आलंय तिचं!" आत मंजुश्रीचा नवरा चहा गाळत होता. दोन वर्षं पहाटे लेकीला क्लासला त्यानंच सोडलं होतं. मंजुश्रीनं त्याच्याकडं बघितलं नाही. "छापा," ती म्हणाली. अप्पा आत येऊन मायलेकींच्या मधे उभे राहिले. "पाहुणे, तुम्हीबी समाजाचेच. या की फोटोत!" अप्पांनी पत्रकाराला बोलावलं. त्यानं मोबाइल जावयाच्या हातात दिला. सगळे मावावेत म्हणून जावई मागं मागं सरकत गेला.