पुढची जागा

"जो सगळ्यात हळू, तो सगळ्यात पुढे. त्याला ओलांडून कुणीही जायचं नाही," खिंडीची चढण लागण्याआधी लडाखी वाटाड्याने बजावलं. कित्येक दिवसांच्या त्या वाटेवरची ही सर्वांत उंच खिंड.

"मग आमच्या हिलाच घ्या," कुमुदिनीचा नवरा म्हणाला. "जा, आज तुझा मान!" सगळा ग्रुप हसला. कुमुदिनीने पाठीवरच्या सॅकचे पट्टे आवळले आणि ती पुढे झाली.

लग्नापासून बाजार असो की स्टेशन, नवरा पुढे आणि ती पिशव्या सांभाळत मागे. "अहो, थांबा जरा," म्हटलं की मान न वळवता उत्तर यायचं, "तू ये मागनं."

दगडधोंड्यांतून ती एका लयीत चढत राहिली. मागून आधी "पाय उचल जरा" ऐकू येत होतं, मग नुसती धाप. खिंडीतल्या पताका दिसायला लागल्या तेव्हा आवाज आला, "अगं, थांब जरा."

ती थांबली. नवरा काठीवर ओणवा झाला होता. वाटाड्याने त्याला पाणी पाजलं, नीट तपासलं.

"दमलेत फक्त. पण आता सगळ्यात हळू साहेबच. साहेब, तुम्ही पुढे व्हा."

"मी? हळू? काहीतरीच!"

कुमुदिनी वाटेतून बाजूला सरकली. "या की. एरवी पुढेच असता ना?"

ग्रुप बघत होता. नवरा जागचा हलला नाही.

"बरं," म्हणत ती खिंडीकडे वळली. "मग तुम्ही या मागनं."