चौथ्या दाराची मेथड

सकाळी दहा वाजता औषधसाठ्याचं चौथं दार उघडलं आणि त्याची नोंद झाली नाही. गुंगीच्या इंजेक्शनांचं आणखी एक खोकं गेलं. संशय पहारेकऱ्यावर. सगळं रुग्णालय त्यांना मामा म्हणायचं.

औषधसाठा सांभाळणाऱ्या साहेबांनी प्रोग्रॅमर बाईंना बोलावलं. कार्डावर उघडणाऱ्या या दारांचा, पायथन या संगणकभाषेतला प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता.

"सातही दारं एकाच क्लासमधून, म्हणजे एकाच साच्यातून बनली आहेत," बाई म्हणाल्या. "क्लासमध्ये काहीच खोट नाही."

"मग एकट्या चौथ्याला काय भूत लागलं?"

बाईंनी चालू प्रोग्रॅममधलं चौथं दार तपासलं. इतर सहांकडे नसलेली एक मेथड, म्हणजे काय करायचं ते सांगणारी जादा सूचना, त्याच्याकडे होती. एक ठरावीक कार्ड लागलं की उघडायचं, नोंद करायची नाही. कार्डाचा नंबर मामांचा.

"मूळ फाइलमध्ये हे कुठेच नाही. प्रोग्रॅम चालू असताना कुणीतरी फक्त या दाराला चिकटवलंय. आणि मामांना साधा मेसेज पाठवता येत नाही."

"चोराला साथीदार असतो."

"चालू प्रोग्रॅमपर्यंत पोचणारे आपण दोघंच आहोत, साहेब."

साहेब हसले. "म्हणजे तुम्ही नाहीतर मी? काहीतरीच. रीस्टार्ट करा."

"चिकटवलेलं पुसलं जाईल. पुरावाही."

"मग काय, खोकी जात राहू देत?"

बाईंनी रीस्टार्ट केलं. चौथं दार इतर सहांसारखं झालं.

मामा कोपऱ्यात उभेच होते. साहेबांनी त्यांना घरी जायला सांगितलं. परत बोलावू, असं म्हणाले नाहीत.

"बाई, जन्मभर कुलपं राखली," मामा म्हणाले. "आता कुलपानंच माझं नाव घेतलं."

"कुलूप बोललं नाही मामा, त्याला कुणीतरी बोलायला लावलं. कोण, ते मी शोधते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

बाई मामांना फाटकापर्यंत सोडून आल्या. खोलीत आता चौकशी समितीचे दोघं बसले होते. संगणकापुढची बाईंची खुर्ची कुणीतरी थोडी उंच केली होती.

"बरं झालं आलात," साहेब म्हणाले. "दार आता साफ आहे, ते यांना एकदा दाखवा."

बाईंनी उभ्यानंच चौथं दार तपासलं. समितीचे दोघं मागून वाकून पाहत होते.

मेथड परत आली होती. आतला कार्ड नंबर मात्र मामांचा नव्हता. तो कुणाचा, हे त्यांना शोधावं लागलं नाही. ते कार्ड त्यांच्याच गळ्यात लटकत होतं.