मोटारसायकलींची रंगीत तालीम

नेव्ह ऑकरॉइडने मोटारसायकल रस्त्याच्या बरोबर मधोमध उभी केली, इंजिन बंद केलं आणि सावकाश हेल्मेट काढलं. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. नेव्हने वळून मोठ्या प्रेमाने हात हलवला.

त्याच्या पुढे शंभरेक मोटारसायकली होत्या, मागेही तेवढ्याच. एकेकीने अख्ख्या मोटारीची जागा अडवली होती. डाव्या हाताला बसची लेन मात्र रिकामी पडली होती. आजवर मोटारसायकलींना त्या लेनमधून जायची मुभा होती आणि शहरात शिरायचं शुल्कही माफ होतं. या दोन्ही सवलती काढून घेण्याचा ठराव आज सहा वाजता टाऊन हॉलमध्ये मताला येणार होता. आम्हाला मोटारी समजता ना, मग घ्या, झालो मोटारी, असं म्हणून मोटारसायकल क्लबने ही रंगीत तालीम लावली होती. आज कुणाचंही चाक बसच्या लेनला शिवता कामा नये, असा क्लबचा अध्यक्ष विल्फ गारसाइड याचा सक्त हुकूम होता. फुटपाथवर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर त्याचसाठी टपून उभा होता.

नेव्ह घरोघरचे बॉयलर दुरुस्त करायचा. व्हॅन होती तेव्हा त्याचा अर्धा दिवस रस्त्यातच जायचा आणि थंडीने कुडकुडणारी गिऱ्हाइकं फोनवरून त्याचा उद्धार करायची. मोटारसायकल घेतली आणि माणूस सुखाला लागला. ठराव पास झाला, तर पुन्हा ती व्हॅन आणि पुन्हा त्या शिव्या.

मागच्या गाडीची काच खाली झाली. आत भाड्याच्या गाडीत बसल्या होत्या नगरसेविका ब्रॅमलीबाई. ठराव मांडला होता तो यांनीच. नेव्हला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"अहो, जरा बाजूला व्हा ना," बाई म्हणाल्या. "ती बसची लेन मोकळीच आहे. तिकडून जा की."

"छे छे, बाई! मोटारीने बसच्या लेनमध्ये जायचं? तुम्हीच असं बोलायला लागलात तर गरिबांनी बघायचं कुणाकडे?"

आजूबाजूचे मोटारसायकलवाले खिदळले. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की एखाद्याने मान खाली घातली असती. नेव्हने खिशातून सँडविच काढलं.

तेवढ्यात त्या मोकळ्या लेनमधून बस आली आणि समोरच्या थांब्यावर थांबली. ब्रॅमलीबाई गाडीतून उतरल्या, पर्स काखोटीला मारली आणि बसमध्ये चढल्या. बस निघाली. खिडकीतून बाईंनी नेव्हला त्याच्यासारखाच हात हलवला.

नेव्हच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. मग तो स्वतःलाच म्हणाला, जाऊ दे, गेली तर गेली. सभागृहात दोन्ही बाजूंची मतं जवळपास सारखीच होती आणि एका मताने ठराव पडणार हे ठरलेलंच होतं. ते एक मत विल्फचं. विल्फ नगरसेवक होता.

आणि विल्फ नेव्हच्या पुढे दोन गाड्या सोडून, आपल्या मोटारसायकलवर बसून चहा पीत होता.

"अहो विल्फ!" नेव्ह धावत सुटला. "तुम्ही इथे काय करताय?"

"मोर्चा," विल्फ खुशीत म्हणाला. "चाळीस वर्षांत असा मोर्चा झाला नाही बघ. टाऊन हॉलपर्यंत सगळं तुंबलंय!"

"आणि मत कोण देणार? माझी आजी?"

विल्फने घड्याळ पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा. वेळेत पोचू म्हणून तर मोर्चा त्याच रस्त्याने काढला होता!"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, त्यातली गत. नेव्हने बसच्या लेनकडे बोट दाखवलं. "पळा तिकडून."

विल्फने फोटोग्राफरकडे पाहिलं. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला. "उद्या पहिल्या पानावर माझंच थोबाड. नियम माझाच आहे रे."

"मग बसने जा!"

"बसने?" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. सरकारने त्याला म्हातारपणाचा फुकट पास दिला होता, तो त्याने पाकिटातून कधी बाहेरही काढला नव्हता. पण पुढची बस थांब्याला लागलीच होती. नेव्हने त्याला दंडाला धरून जवळजवळ उचलूनच आत घातलं. कातडी जॅकेट, काखेत हेल्मेट, असा विल्फ शाळकरी पोरींच्या घोळक्यात अंग चोरून उभा राहिला. दोनशे जणांनी शिट्ट्या मारल्या. बस निघाली आणि बघता बघता दिसेनाशी झाली. नेव्हचा ऊर भरून आला. आज या माणसाने आपल्या पोटावरचा पाय काढला, असं त्याला मनापासून वाटलं.

सहा वाजून गेल्यावर फोन आला. सगळे नेव्हभोवती जमले.

"ठराव पास झाला," विल्फ म्हणाला.

"म्हणजे? उशीर झाला तुम्हाला?"

"छे रे. वेळेच्या आधीच पोचलो. वर एक कप चहाही झाला."

"मग मत नाही दिलंत?"

"दिलं की."

"मग पास कसा झाला?"

फोनवर खाकरण्याचा आवाज आला.

"नेव्ह," विल्फ शेवटी म्हणाला, "काय सुसाट गेली रे ती बस! वाटेत एकसुद्धा मोटारसायकल आडवी आली नाही."