माणसं बसवून

"माणसं बसवून करू की उतरवून?" बर्नीसने वजनकाट्याच्या खिडकीतून विचारलं.

गव्हाच्या कोठारासमोर, काट्याच्या लोखंडी फळीवर निळा पिकअप ट्रक उभा होता. त्याच्या हौद्यात कॅम्पर चढवलेला: पलंग, शेगडी, पाण्याने भरलेली टाकी, असं अख्खं घर.

"बसवून," स्टिअरिंगवरून डेल म्हणाला. "ॲरिझोनाला काय आम्ही उतरून जाणार?"

शेजारी त्याची बायको रोंडा होती, मागच्या सीटवर तिचे वडील, ओर्विल. हिवाळाभर तिघं दक्षिणेला वाळवंटात राहणार होते. कॅम्पर घरचाच होता, त्याला पेलणारा ट्रक मात्र अजून घ्यायचा होता. हा निळा दुकानदाराने एक दिवस वापरून बघायला दिला होता. सात टन ओढतो, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. रोंडाने त्याला म्हटलं होतं, "ओढायचं नाहीये, पाठीवर घ्यायचंय." दरवाज्याच्या चौकटीवर छापलेलं होतं, की सगळं मिळून दहा हजार पौंड, त्यापुढे नाही.

बसेल, असं डेल म्हणाला होता. त्याला निळा आवडला होता. दुकानाच्या टोकाला एक पांढराही होता, मागे जोडचाकं असलेला, जास्त वजन पेलणारा. त्याला डेल म्हैस म्हणायचा.

ओर्विल सोबत येणार हे ठरल्यासारखं होतं. पण अगदीच जमलं नाही तर म्हणून टेकडीवरच्या वृद्धाश्रमात एक खोली सांगून ठेवली होती. ती बघून आल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "गरम आहे खोली."

सकाळपासून रोंडाचं त्यांच्याकडे लक्ष होतं. गवतावर दंव गोठलं होतं आणि ते कापडी सपाता घालून, कोटाशिवाय गाडीत येऊन बसले होते. नाश्त्याला थांबले तिथे नुसती काळी कॉफी घेतली, पॅनकेकची बशी डेलकडे सरकवली. विसरायला लागलेत की काय, अशी तिला भीती वाटत होती.

"मी या काट्यावर कामाला होतो तेव्हा," मागून ओर्विल म्हणाले, "टोर्गर्सन म्हणून एक शेतकरी यायचा. गहू भरलेली गाडी तोलताना आत बायको, मेव्हणा, पोरं, सगळी. गहू ओतून रिकामी गाडी तोलायची वेळ आली की सगळ्यांना एकदम लघवीला लागायची. कंपनीने ते कुटुंब कितीदा गव्हाच्या भावाने विकत घेतलंय."

"आणि तुम्हाला कळायचं नाही?" डेलने विचारलं.

"कळायचं की. त्याची बायको केक फार छान करायची."

खिडकीत बर्नीस हसली. वरच्या पाटीवर लाल आकडा स्थिर झाला. दहा हजार एकशेवीस.

"एकशेवीस म्हणजे काहीच नाही," डेल म्हणाला.

"घाटाच्या उतारावर ब्रेक दाबशील तेव्हा सांग," रोंडा म्हणाली.

"पाणी कमी भरू."

"वाळवंटात?"

"बरं, माझे मासे पकडायचे गळ काढतो."

"ते चार पौंडसुद्धा नाहीत, डेल."

मागचं दार उघडलं. ओर्विल दाराला धरून सावकाश उतरले, फळीवरून चालत खडीवर गेले आणि स्वेटरच्या खिशात हात घालून उभे राहिले. पाटीवरचा आकडा बदलला. नऊ हजार नऊशेऐंशी.

"बघा," ते म्हणाले. "आता बसला. निळाच घ्या. चांगला आहे ट्रक."

बर्नीसने पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "ओर्विल, तू एवढाच भरतोस? आणि या थंडीत कोट कुठाय तुझा?"

"घरी आहे. सहा पौंडांचा आहे तो."

बोलून झाल्यावर त्यांनी मान फिरवली आणि रेल्वेच्या रुळांकडे बघत राहिले.

रोंडाने काच पूर्ण खाली केली. "आणि बूट, बाबा?"

"बूट जरा कमी." त्यांनी सपातांकडे पाहिलं. "मला वाटलं होतं जमेल. थोडक्यात राहिलं."

डेल स्टिअरिंगवर अंगठा घासत समोरच्या निळ्या बॉनेटकडे बघत होता.

"निळ्यावर धूळ फार दिसते," तो म्हणाला.

"काल तर म्हणालास—"

"काल कुठे ऊन होतं? आणि म्हैस काही वाईट नाही. फक्त लावायला जागा जास्त लागते. वाळवंटात जागेला काय तोटा आहे."

रोंडाने क्षणभर त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग खाली उतरली, मागचं दार पूर्ण उघडून धरलं.

"बसा, बाबा."

"मी चालत जातो घरी. जवळच आहे."

"सपाता घालून? बसा."

ओर्विल जागचे हलले नाहीत. "म्हैस डिझेल फार पिते, पोरी."

"पिऊ दे."

ते खडीवरून परत आले. फळीवर पाय ठेवला तसा पाटीवरचा आकडा पुन्हा दहा हजारांच्या वर गेला. या वेळी वर कोणी पाहिलं नाही.

"म्हणजे हा नको तर," बर्नीसने खिडकीतून विचारलं. "दुसरा तोलायला कधी आणताय?"

"उद्या," रोंडा म्हणाली. "बाबा बूट आणि कोट घालून येतील. नाश्ता करून."