धावपट्टीवरचा दरारा

माझं विमान दोन सीटचं, पण बढाया जंबो जेटच्या. चार्लव्हिलजवळ आमच्या शेतात मातीची धावपट्टी आहे आणि संध्याकाळी तिच्यावर कांगारू चरायला येतात. उतरण्याआधी मी त्यांच्या डोक्यावरून एक खालची फेरी मारायचो. वळून परत येईपर्यंत पट्टी रिकामी!

"माझं इंजिन ऐकलं की पळत सुटतात. दरारा लागतो, डॅरिल, दरारा!" फ्लाइंग क्लबमध्ये सॉसेज भाजताना मी सांगायचो.

"घरात आहे का रे तुझा दरारा?" डॅरिल विचारायचा.

उतरलो की पट्टीच्या कडेला आमचा म्हातारा कुत्रा जॅफा उभा असायचा. लाल मातीत लाल कुत्रा, वरून कधी दिसायचाही नाही. जीभ मात्र हातभर बाहेर.

"काय रे आळशा, उडून आलो मी आणि धापा तू टाकतोस?" मी त्याला रोज चिडवायचो.

गेल्या आठवड्यात जॅफा गेला. शेडमागच्या बाभळीखाली त्याला पुरलं.

त्यानंतर आज पहिल्यांदाच विमान काढलं. परतलो तेव्हा सूर्य टेकला होता आणि पेट्रोलचा काटाही. पट्टीवरून एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसरी तर इतकी खालून मारली की चाकं कांगारूंच्या कानांना लागायचीच बाकी होती. त्यांनी माना वर केल्या, माझं विमान नीट न्याहाळलं आणि पुन्हा चरायला लागले.

 

जॅफा रोज कशाने धापा टाकायचा, ते मला तेव्हा हवेत कळलं.