कठड्याला बांधलेली दोरी

"अहो भाऊ, कठडा उपटून नेता का आता!" टेलरबाई गॅलरीतून ओरडल्या.

खाली फेसभाऊंनी दोरी सोडली आणि मान वर केली. "ताण बघतोय वहिनी. दोरी सैल पडली की वेल घसरतो."

"वेल नाही, तुमचं डोकं घसरलंय!"

भाऊ बोळकं पसरून हसले आणि घरात गेले. बाईही आत आल्या आणि रोजच्यासारखा त्यांनी फोन लावला. "उठलेत तुझे बाबा. ठणठणीत आहेत. न्यायला येऊ नकोस."

पलीकडे भाऊंची मुलगी होती. "रोज कुणीतरी बघायला हवं, नाहीतर मी त्यांना घेऊन जाते," असं भाऊ एकदा घरात पडले तेव्हा तिनं बजावलं होतं. म्हातारं माणूस एकदा पडलं की पोरांच्या लेखी ते माणूस उरत नाही, सामान होतं. उचलायचं आणि कुठल्यातरी खोलीत ठेवायचं. मेले प्रेमानंच करतात, म्हणून तर जास्त चीड येते. बाईंना ते ठाऊक होतं. गेल्या साली त्या न्हाणीघरात घसरल्या, तर मुलगा औषधांऐवजी खोकी घेऊन आला होता. शिलाई मशीनला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं पठ्ठ्यानं. त्या अडून बसल्या, म्हणून वाचल्या.

पण भाऊंची विचारपूस करायची कशी? "बरे आहात ना?" म्हटलं की म्हातारा तोंडावर दार आपटायचा.

वेलानं ते कोडं सोडवलं. भाऊंचा जन्म बिअरच्या कारखान्यात गेला होता, गल्लीनं त्यांना फेसभाऊ हे नाव दिलं ते त्यावरूनच. थंडी ओसरली तशी त्यांनी भिंतीशी हॉपची मुळं लावली. बिअरला कडवटपणा येतो तो या वेलाच्या बोंडांमुळे. त्याला चढायला घराएवढी उंची लागते, तेव्हा वरच्या कठड्याला दोऱ्या बांधू द्या, म्हणाले. बाईंनी नाक मुरडत हो म्हटलं. मग भाऊ रोज सकाळी दोरी ओढू लागले आणि बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या मेलेल्या मांजराच्या गळ्यात असायची ती घंटी त्यांनी गाठीजवळ बांधली. घंटी वाजली की म्हातारा जिवंत. त्याला संशय नको, म्हणून वरून दोन शिव्या हासडायच्या.

वेल बघता बघता गॅलरीत आला. कागदी, हिरवी बोंडं लगडली. बाईंनी वाळकी बोंडं भरून एक छोटी उशी शिवली आणि वर्षानुवर्षं रुसलेली झोप परत आली. त्या वेलाला मनोमन हात जोडायच्या. मुलाची भुणभुणही थंडी सरल्यापासून बंद होती. उशिरा का होईना, पोराला अक्कल आली म्हणायचं.

एकदा त्या तापानं फणफणल्या होत्या. घंटी वाजतच राहिली, त्यांना उठवेना. शेवटी भाऊच धापा टाकत दारात आले. "गाठ बघायला आलो होतो." बाईंनी अंथरुणातूनच त्यांना फैलावर घेतलं, तसे ते गाठीकडे न बघताच परत गेले. म्हातारा विसरभोळा होत चालला, बाई मनात म्हणाल्या.

पुन्हा थंडी आली, पानं वाळली. एका दुपारी भाऊंनी वेल जमिनीलगत छाटला आणि दोऱ्यांसकट ओढून काढला.

"आता मुळं झोपणार वहिनी. ऊन तापलं की उठतील."

 वेल नाही तर ताण नाही, आणि ताण नाही तर घंटी नाही. आता म्हाताऱ्याची खबर कळायची कशी? मुलीला सांगायचं काय?

दुसऱ्या सकाळी त्या मशीनवर बसल्या, पण सुईत दोरा जाईना.

घंटी वाजली.

बाई धडपडत गॅलरीत आल्या. एक दोरी तेवढी भाऊंनी काढली नव्हती. खालपासून वरपर्यंत नागडी, पान म्हणून नाही. आणि भाऊ ती ओढत होते.

बाईंचे डोळे भरून आले. आवाज मात्र त्यांनी चढाच लावला. "अहो, वेल गेला की! आता कसला ताण बघता, माझ्या कर्माचा?"

 भाऊंच्या दुसऱ्या हातात फोन होता, तो त्यांनी गॅलरीच्या दिशेनं उंच धरला होता. मग तो खाली घेऊन त्यांनी कानाला लावला.

"ऐकलंस ना रे? ठणठणीत आहे तुझी आई. न्यायला येऊ नकोस."