घरचं कोनफळ

"हे कसं दिलं, आजी?" असं विचारत सोनिया नेमकी त्याच दुकानापुढे बसली, जे चुकवून प्रज्योतनं तिला तीनदा दुसऱ्या रांगेत नेलं होतं.

दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं पोतं. त्यावर कोनफळं आणि मागं बाळी. खांद्यावर गाठ मारलेलं लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा, एका डोळ्यात मोतीबिंदू. जोयड्याच्या कंदमेळ्यात अशा पन्नासेक बायका बसल्या होत्या. त्यातली ही एक प्रज्योतची आई होती.

डोळ्यामुळे यंदा ती येणार नाही अशी त्याची खात्री होती, म्हणून तर त्यानं सोनियाचा हट्ट मानला. बेळगावच्या ऑफिसात दोघांची ओळख झाली तेव्हाच तो बोलून बसला होता, की आई शाळेत बाई होती, आता खानापूरला मामाकडे असते. पहिल्या भेटीत मारलेली थाप दोन वर्षं जपून ठेवायला बरेच कष्ट पडतात. आता तर पुढच्या महिन्यात लग्नाची बोलणी व्हायची होती, आणि सोनियाचे वडील गाडी लावून मागून येत होते.

सोनियानं भावावरून हुज्जत घालून दोन किलो ठरवले. बाळीनं एक कोनफळ उचललं, वेलाकडचं टोक कोयत्यानं उडवलं आणि कापल्या जागी चिमूटभर राख चोळली.

"ते का काढलंत?" सोनियानं विचारलं.

"ते त्याचं डोकं, बाय. त्यातनंच पुढचा येल फुटतो. विकायच्याचं काढून घ्यायचं. डोक्यासकट फकस्त घरच्यांना देतो आमी."

सोनियाला हे फारच आवडलं. "प्रज्योत, ऐकलंस?"

नाव ऐकून बाळीनं मान वर केली. तिचा चांगला डोळा कुठला, हे प्रज्योतला त्या क्षणी आठवेना. त्यानं गॉगल सारखा केला.

"या ओळखतात की काय तुम्हाला?" सोनियाचे वडील एव्हाना येऊन उभे राहिले होते.

"छे," प्रज्योत म्हणाला. "शहरातलं कुणी आलं की इथल्या बायका अशाच बघत बसतात."

बाळीनं मान खाली घातली. "दोन किलो न्हवं?" तिनं सोनियाला विचारलं आणि तराजू उचलला.

त्यानंतर आठवडाभर प्रज्योतला अन्न गोड लागलं नाही. ते 'छे' किती सहज तोंडातून निघालं होतं, हेच त्याला पुन्हा पुन्हा आठवत होतं. लाज वाटत होती, अगदी आरशात बघायची लाज वाटत होती. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा भीती मोठी होती. तिनं ओळखलं असेल का?

रविवारी तो कुंभारवाड्याची बस पकडून घरी गेला.

बाळी अंगण सारवत होती. "आलास? बस येळेवर हुती म्हण की," ती म्हणाली, हात धुतले आणि त्याला भात वाढला. वर कुळथाचं सार. सगळं नेहमीसारखं.

"आये, मेळ्याला गेली हुतीस?" त्यानं ताटाकडे बघत विचारलं.

"व्हय की. समदा माल खपला."

"कोण कोण भेटलं?"

"लई माणसं. मला मेलीला काय दिसतंय? समदी सारखीच."

प्रज्योतनं आणखी भात मागून घेतला. आईची दृष्टी गेली याचा आपल्याला आनंद होतोय, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला स्वतःची किळस आली. भात मात्र त्यानं संपवला.

"पुढच्या महिन्यात तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन करून टाकू," तो म्हणाला.

"कशाला? बघायचं तेवढं दिसतंय."

निघताना तिनं नेहमीप्रमाणे कोनफळांची गोणी पुढे ठेवली. तोंड सुतळीनं शिवलेलं होतं. दरवर्षी ती गोणी द्यायची आणि गेल्या वर्षीच्या वेलाची चौकशी करायची. मांडवावर चढला का रे? चढलाय, तो सांगायचा. बेळगावच्या भाड्याच्या खोलीला कुठला मांडव! कोनफळं शिजायची आणि डोकी कचऱ्याच्या गाडीत जायची. यंदा तिनं वेलाचं काही विचारलं नाही. एक खोटं वाचलं म्हणून त्याला बरंच वाटलं.

बसमध्ये गोणी पायांशी घेऊन बसल्यावर त्याचा निश्चय झाला. आईला काही कळलेलं नव्हतं. म्हणजे अजून वेळ गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर त्यानं सोनियाला खोलीवर बोलावलं आणि शाळेतल्या बाईपासून गॉगलपर्यंत सगळं सांगून टाकलं.

सोनिया म्हणाली, "त्या कोनफळवाल्या आजी?"

"व्हय." त्याच्या तोंडून गावचाच शब्द निघाला.

"तुझ्या आईशी मी भावावरून हुज्जत घातली, प्रज्योत. आणि तू बघत उभा होतास."

"व्हय."

तिनं डोळे पुसले. "येत्या रविवारी जाऊ. मी पाया पडेन त्यांच्या. तू काय करायचं ते तू बघ. त्यांना कळलं नाही ना पण?"

"नाही गं. तिला दिसतच नाही. नेहमीसारखं जेवू घातलं, ही गोणीसुद्धा दिली." बोलता बोलता त्याचा आवाज मोकळा झाला. "उघड ना. आपल्याला ती डोक्यासकट देते. या वर्षी खिडकीखाली खरंच लावू."

सोनियानं सुतळी तोडली. एक कोनफळ काढून दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं आणि खाली ठेवलं. दुसरं काढलं. मग तिनं अख्खी गोणी फरशीवर ओतली आणि गुडघ्यांवर बसून एकेक उलटून बघू लागली. प्रत्येकाचं डोकं उडवलेलं होतं, आणि कापल्या जागी राख नीट चोळलेली होती.